रिकामा खिळा

मिस्त्रींना कशाकशाचा अभिमान आहे हे विचारण्यापेक्षा कशाचा नाही ते विचारलेलं बरं, असं त्यांची बायको म्हणायची. त्यांना आपल्या मिशीचा अभिमान होता, आपल्या करवतीचा होता, आणि बायकोच्या जिभेच्या धारेचासुद्धा होता. "आमच्या हिच्याशी वाद घालून जिंकलेला माणूस अजून जन्माला यायचाय," हे ते अशा थाटात सांगायचे, जणू ती धारही त्यांनीच लावून दिली होती. पण हे सगळं किरकोळ. खरी छाती फुगायची ती दोनच गोष्टींनी. एक, कारखान्याच्या भिंतीवरचा त्यांचा रिकामा खिळा. दुसरी, त्यांची लेक.

आधी खिळ्याचं सांगतो. मिस्त्रींचा कारखाना लाकडी जिन्यांचा. तिथे मागच्या भिंतीवर प्रत्येक कारागिराचा एक खिळा होता. कुणाचा काप चुकला, की त्याने हातातलं काम थांबवायचं, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात "माझा काप चुकला" म्हणायचं, आणि तो वाया गेलेला तुकडा आपल्या खिळ्याला टांगायचा. त्यानंतर कुणी एक अक्षर बोलायचं नाही. रागवायचं नाही, हसायचं नाही, "मी म्हटलं नव्हतं?" असंही नाही. सगळ्यांनी मिळून ते काम निस्तरायचं आणि पुढे चालायचं. चूक झाली म्हणून या कारखान्यातून कुणी गेलं नव्हतं. लपवली म्हणून गेले होते. आणि खिळा काही आल्या दिवशी मिळत नसे. माणसाच्या हातावर आणि शब्दावर मिस्त्रींचा भरवसा बसला, की ते स्वतः हातोडी घेऊन त्याचा खिळा ठोकायचे. मधला खिळा त्यांचा स्वतःचा. तो इतकी वर्षं रिकामा होता, की पॉलिशवाल्या काकांनी एकदा त्यावर आपली टोपी अडकवली, तर मिस्त्री दिवसभर त्यांच्याशी बोलले नाहीत. पाहुणा आला, की त्याला जिने दाखवायच्या आधी ही भिंत दाखवायची, आणि मधल्या खिळ्यापाशी जरा जास्त वेळ थांबायचं, हा ठरलेला रिवाज.

लेक औषधशास्त्र शिकली होती आणि चौकातल्या औषधांच्या दुकानात काउंटरवर उभी राहायची. मिस्त्रींचा कारखान्याला जायचा सरळ रस्ता त्या चौकातून जात नव्हता. पण लेक कामाला लागल्यापासून त्यांना तो सरळ रस्ता आवडेनासा झाला. रोज वळसा घालून जायचं, काचेतून पांढरा कोट दिसला की मिशीवरून हात फिरवायचा आणि पुढे निघायचं. दुकान दुसऱ्याचं असलं तरी काउंटर आपल्या लेकीचं आहे, हे त्यांनी अर्ध्या गावाला सांगितलं होतं. उरलेल्या अर्ध्याला पॉलिशवाल्या काकांनी.

दुकानात बीपी मोजायचं नवं यंत्र आलं, त्या दिवशी मिस्त्री रांगेत सगळ्यांच्या पुढे जाऊन बसले. "आधी माझं मोज," ते मोठ्याने म्हणाले, "म्हणजे लोकांना कळेल आकडा कसा असायला हवा." लेकीने दंडाला पट्टा गुंडाळला, आकडा पाहिला, पट्टा सोडला आणि पुन्हा गुंडाळला. मग अगदी हळू आवाजात म्हणाली, "बाबा, जरा आत येऊन बसता?"

आकडा फारच वर होता. लेकीने त्याच संध्याकाळी त्यांना डॉक्टरीणबाईंकडे नेलं. डॉक्टरीणबाई शांत, नेमकं विचारणाऱ्या. त्यांनी छाती तपासली, डोळे तपासले, खाणंपिणं विचारलं. मग विचारलं, "आणखी कुठली औषधं चालू आहेत?"

"छे. एकही नाही."

"दुखण्यावर गोळी वगैरे? गुडघे, पाठ?"

"घ्यायला आधी दुखायला तर पाहिजे," मिस्त्री म्हणाले. "मला काही दुखतच नाही."

यात ते खोटं बोलले नव्हते, आणि हीच तर मोठी गंमत होती. कारण कारखान्याचा सकाळचा एक क्रम होता. आल्याबरोबर प्रत्येकाने पटाशीला आणि रंध्याच्या पात्याला धार लावायची, करवतीवर तेलाचा बोळा फिरवायचा, आणि मग काचेची बरणी फिरायची. पूर्वी तिच्यात स्क्रू असायचे. मिस्त्रींचा खांदा कुरकुरायला लागला त्या वर्षापासून तिच्यात दुखण्यावरच्या गोळ्या असायच्या. दिवसभर वाकून, गुडघ्यावर बसून, फळ्या वाहून दुपारपर्यंत अंग बोलायला लागतं. ते बोलायच्या आधीच त्याचं तोंड बंद करून टाकावं, ही मिस्त्रींची युक्ती. हवी त्याने एक घ्यायची, वर घोटभर पाणी प्यायचं आणि कामाला लागायचं. मिस्त्री सकाळी पहिली गोळी घ्यायचे आणि दुपारच्या जेवणानंतर दुसरी. आपल्या कारखान्यात कुणी कण्हत नाही, याचाही त्यांना अभिमान होताच. पण ही बरणी त्यांच्या लेखी औषधात मोडतच नव्हती. औषध म्हणजे आजारी माणसाने घरी घ्यायची गोष्ट. बरणी कारखान्याची होती, धारेच्या दगडाशेजारी बसणारी.

तर मिस्त्रींना बीपीची गोळी सुरू झाली. लेकीने आणून दिलेली गोळी, तेव्हा ती चुकणं शक्यच नव्हतं. सकाळी तोंड धुतल्याबरोबर ते ती हातावर घेऊन बायकोला दाखवायचे आणि मगच गिळायचे. बायकोने जेवणातलं मीठ कमी केलं, तर थोड्याच दिवसांत ते अळणी भाजीचंही कौतुक सांगायला लागले. "जिभेवर ताबा लागतो," ते लांबूला म्हणाले. लांबू म्हणजे त्यांचा उजवा हात, दाराच्या चौकटीतून वाकून येणारा तरणाबांड कारागीर. त्याच्यासाठी तर त्यांनी भिंतीवर खिळासुद्धा जरा वरच ठोकला होता.

एवढं करूनही आकडा हलेना. डॉक्टरीणबाईंनी गोळी वाढवली. तरी हलेना. मग त्यांनी अंगातलं जास्तीचं पाणी काढणारी दुसरी गोळी जोडली. आकडा थोडा खाली येऊन पुन्हा होता तिथे जाऊन बसला, आणि वर मिस्त्रींचे बूट घट्ट व्हायला लागले. संध्याकाळी मोजे काढले, की पायावर खोल वळ उमटलेले दिसायचे.

मिस्त्रींना स्वतःच्या जिवाची फारशी काळजी वाटत नव्हती. त्यांना खात होतं ते वेगळंच. एकदा ते दुकानाच्या दारात पोचले, तेव्हा आत एक निवृत्त मुख्याध्यापिका दंडाला पट्टा बांधून बसल्या होत्या. "माझं बघ कसं झक्क खाली आलं तुझ्यामुळे," त्या लेकीला म्हणत होत्या. "आणि तुझ्या बाबांचं काय गं? अजून तसंच?" लेक हसली, पण चेहरा पडलेला मिस्त्रींना काचेतून दिसला. ते आत न जाता तसेच परत फिरले. अख्ख्या चौकाचे आकडे तिने ताळ्यावर आणले होते, आणि तिला तोंडघशी पाडत होता तिचा सख्खा बाप. लेकीच्या परीक्षेत आपणच नापास होतोय, असं त्यांना झालं.

तेवढ्यात रक्ताची तपासणी आली. डॉक्टरीणबाईंनी या वेळी चष्मा काढून बाजूला ठेवला. "मिस्त्री, आता मूत्रपिंडावर ताण दिसायला लागलाय. मला हे आवडलेलं नाही. तुम्ही जिन्यावर, शिडीवर अजिबात चढायचं नाही. चार दिवसांनी पुन्हा बघू. तेव्हाही असंच असलं, तर मी तुम्हाला दाखल करून घेणार."

मिस्त्री बोटांवर दिवस मोजायला लागले, आणि ते का ते ऐकायला हवं. गावात नवं वाचनालय बांधून होत आलं होतं. त्याच्या मधल्या दालनात वरच्या मजल्यावर जाणारा जिना मिस्त्रींचा होता. मध्ये खांब नाही, खाली आधार नाही, एकाच वळणात अंग चोरत वर गेलेला. असा जिना माणूस आयुष्यात एखादाच करतो. पायऱ्या बसल्या होत्या, कठडा बसला होता. उरलं होतं कठड्याचं अगदी वरचं शेवटचं वळण. ते अजून कारखान्यात मिस्त्रींच्या टेबलावर होतं. एका अखंड लाकडातून त्यांनी ते कोरलं होतं, आणि ते बसवायला दुसऱ्या कुणाचा हात लागू द्यायचा नाही, असं सगळ्यांसमोर सांगून ठेवलं होतं. उद्घाटन तोंडावर आलं होतं. आता डॉक्टरीणबाईंचं ऐकायचं, तर ते वळण लांबूने बसवायचं आणि मिस्त्रींनी दवाखान्यातल्या पलंगावर पडून त्याची वार्ता ऐकायची.

"तू एकदा बघून जा," त्या रात्री जेवताना ते लेकीला म्हणाले. "मी बसवीन न बसवीन. तू निदान हातात घेऊन बघ."

लेक लहानपणी शाळा सुटल्यावर कारखान्यात यायची आणि लाकडाच्या भुशात बसून अभ्यास करायची. पण सकाळी ती कधी आली नव्हती. सकाळी आधी शाळा असायची, नंतर दुकान. त्या दिवशी तिने दुकानात उशिरा येते म्हणून कळवलं, पांढरा कोट अंगात घातला आणि बाबांबरोबर निघाली. मिस्त्री तिला सरळ रस्त्याने घेऊन गेले. चौकात थांबायचं काही कारणच नव्हतं.

कारखान्यात तिला पाहून सगळे आपोआप ताठ झाले. मिस्त्रींनी वळणावरचं फडकं बाजूला केलं. लेकीने त्यावरून तळहात फिरवला. कुठे सांधा लागेना, कुठे कड लागेना. "बाबा," ती म्हणाली, आणि तळहात पुन्हा एकदा त्यावरून फिरवला. मिस्त्रींना तेवढं पुरलं. त्यांना इतका आनंद झाला, की आपला सगळा कारखानाच तिला दाखवावासा वाटला.

"आता आमची शिस्त बघ," ते म्हणाले. धार लागली, तेल लागलं. मग लांबूने फळीवरून बरणी काढली आणि रीतीप्रमाणे आधी मिस्त्रींसमोर धरली. त्यांनी एक गोळी उचलली, जिभेवर ठेवली आणि पाण्याचा घोट घेतला. बरणी पुढे सरकली.

"बाबा, हे काय घेतलंत?"

"हे? काही नाही गं. हे कामाचं."

लेकीने बरणीतली एक गोळी उचलून उजेडात धरली. रंग पाहिला, त्यावरचं अक्षर पाहिलं. तिचा चेहरा बदलला. "रोज घेता?"

"रोज म्हणजे, सकाळी एक. दुपारी एक. कधी जास्त काम असलं तर जाताना एखादी." मिस्त्रींना अजूनही पत्ता नव्हता. "म्हणून तर कुणाला काही दुखत नाही इथं."

"पण डॉक्टरांनी विचारलं तेव्हा तुम्ही नाही म्हणालात."

"त्यांनी औषधाचं विचारलं होतं. हे औषध नाहीये. हे कारखान्याचं आहे."

"पोटात गेल्यावर गोळीला काय कळतं बाबा, कारखान्याची की घरची?" लेक म्हणाली. आवाज चढला नव्हता. "तुमची बीपीची गोळी रक्तवाहिन्या सैल करते. दुसरी गोळी अंगातलं जास्तीचं मीठ आणि पाणी बाहेर काढते. आणि ही त्या दोघींच्या उलट जाते. मीठ-पाणी अंगात धरून ठेवते, आणि मूत्रपिंडाकडे रक्त जायची वाट अरुंद करते. त्या दोघी बाहेरून दार ढकलतायत आणि ही आतून दाबून धरतेय. म्हणून तुमचा आकडा हलत नाही, म्हणून पाय सुजतात. आणि तिघींच्या ओढाताणीत मूत्रपिंडाचे हाल चाललेत."

लांबूच्या बोटांत धरलेली गोळी तशीच राहिली. पॉलिशवाल्या काकांनी आपल्या हातातली गोळी गुपचूप बरणीत परत टाकली.

"मलापण बीपी आहे गं पोरी," ते म्हणाले.

"मग काका, तुम्हीही आज माझ्याबरोबर चला." तिने बरणीवर झाकण लावलं. "या गोळ्या येतात कुठून?"

लांबू गोंधळला. "ताई, तुमच्याकडूनच की. दर आठवड्याला मीच नाही का गोळ्यांचा डबा घेऊन जात?"

लेक त्याच्याकडे बघतच राहिली. तिला सगळं आठवलं असणार. दर आठवड्याला हा उंच, धडधाकट माणूस काउंटरवर वाकून डबा मागायचा. ती नियमाने त्याला विचारायची, तुला बीपी आहे का, पोटाचा काही त्रास, मूत्रपिंडाचा? तो हसून नाही म्हणायचा आणि सांगायचा, कारखान्यासाठी हव्यात. कारखान्यात कुणाला लागलंखुपलं तर असाव्यात, असं समजून ती द्यायची. गिळणार कोण, हे तिने एकदाही विचारलं नव्हतं.

तिने बरणी बाबांच्या टेबलावर ठेवली. सगळे दिसतील अशी वळून उभी राहिली, आणि शेवटच्या टेबलापर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "माझा काप चुकला."

मग तिने फळीवरचा तो डबा उचलून त्यातून गोळ्यांची एक रिकामी पट्टी काढली. टांगायला तिला खिळा नव्हता. तिने ती कोटाच्या खिशात ठेवली.

कारखान्याची रीत सगळ्यांच्या रक्तात होती. कुणी खोकलंसुद्धा नाही. फक्त एकेकाची नजर हळूहळू मिस्त्रींकडे वळली, कारण काप काही एकट्या लेकीचा चुकला नव्हता. मिस्त्रींनी तोंड उघडलं. इतक्या वर्षांत न म्हटलेलं वाक्य होतं, ते ओठांपर्यंत आलं आणि तिथेच अडकलं. त्यांनी खुंटीवरची टोपी घेतली आणि ते बाहेर पडले.

घरी आल्यावर ते खिडकीशी बसून राहिले. बायकोने सगळं ऐकून घेतलं.

"माझ्याच माणसांसमोर," मिस्त्री म्हणाले.

"तिनं तुमचं नाव घेतलं?"

"नाही."

"तुम्हाला बोल लावला?"

"नाही. स्वतःचं नाव घेतलं."

"मग तुम्हाला झोंबलं काय एवढं?"

मिस्त्री मिशी कुरवाळत म्हणाले, "पण कशी उभी राहिली गं ती. भर कारखान्यात. एकदाही अडखळली नाही. हे तिला शिकवलं कुणी?"

"तुम्ही."

"मी? माझी तर चूक अजून कुणाला सापडली नाही."

"आज सापडली," बायको म्हणाली आणि आत निघून गेली. तिच्याशी वाद घालून जिंकलेला माणूस अजून जन्माला यायचा होता.

संध्याकाळी लेक त्यांना आणि पॉलिशवाल्या काकांना घेऊन डॉक्टरीणबाईंकडे गेली. मिस्त्रींनी या वेळी सगळं सांगितलं, दुपारची गोळी आणि जातानाची एखादीसुद्धा. डॉक्टरीणबाईंनी खुर्चीत मागे टेकून मोठा श्वास सोडला. कोडं सुटल्याचं समाधान त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होतं. बरणीतली गोळी आजपासून बंद, त्यांनी सांगितलं. पाणी काढणारी गोळीही तूर्त थांबवली. बीपीची मात्र आपल्या मनाने कुणी सोडायची नाही. दाखल करणं त्यांनी पुढे ढकललं, पण दोन दिवसांआड रक्त तपासायला बोलावलं. दुखलं तर शेक, लावायचं मलम, आणि अगदीच गरज पडली तर वेगळ्या जातीची एक गोळी, तीही त्या सांगतील तेवढीच.

"मला काही दुखत नाही," मिस्त्री सवयीने म्हणाले.

"दुखेल," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

आणि दुखलं. इतकी वर्षं तोंड दाबून ठेवलेलं अंग एकदम बोलायला लागलं. उजवा खांदा, कंबर, दोन्ही गुडघे. मिशी विंचरायला हात वर जाईना. खाली बसलं की उठताना टेबल धरावं लागे. मिस्त्री कुरकुरले, चिडले, बायकोवर ओरडले, तिचं ऐकून गप्प बसले. पण बरणीकडे त्यांनी हात नेला नाही. उलट कारखान्यात टेबलं उंच करून घेतली, म्हणजे कुणाला फार वाकायला नको. गुडघ्यावर बसून काम करणाऱ्यांसाठी जाड गाद्या शिवून आणल्या. हे सगळं त्यांनी हुकूम सोडल्याच्या थाटात केलं, आणि कुणी कारण विचारलं नाही.

रक्ताचे आकडे आधी सुधारले. मग पायांची सूज उतरली आणि बूट सैल झाले. दुकानात लेक रोज पट्टा बांधायची, आकडा बघायची आणि काही न बोलता डॉक्टरीणबाईंना कळवायची. एका सकाळी तिने पट्टा सोडला आणि यंत्रच उचलून बाबांच्या तोंडासमोर धरलं. आकडा असायला हवा तिथे होता. तिचे डोळे भरून आले होते. मागे रांगेत नेमक्या मुख्याध्यापिका उभ्या होत्या.

"काय मिस्त्री, आलं का खाली?"

एरवी मिस्त्रींनी खुर्चीवर उभं राहून भाषण केलं असतं. त्या दिवशी त्यांनी नुसती मान हलवली. लेकीची बढाई मारायचा आपला हक्क अजून परत आलेला नाही, हे त्यांना आतून कळत होतं. आधी ते कारखान्याला एक वाक्य देणं लागत होते.

उद्घाटनाच्या आदल्या दिवशी डॉक्टरीणबाईंनी जिना चढायची परवानगी दिली. लांबूने वळण फडक्यात गुंडाळून वाचनालयात आणलं. मिस्त्री पहिल्या पायरीशी उभे राहिले. चांगल्या जिन्याला कठडा धरावा लागत नाही, असं ते जन्मभर सांगत आले होते. आता त्यांनी कठडा धरला. एक पायरी चढायची, गुडघा शांत होऊ द्यायचा, मग दुसरी. लांबू मागे दोन्ही हात पसरून चालत होता आणि त्यांनी वळून पाहिलं, की हात पाठीमागे लपवत होता. कठडा तळहातात नीट बसत होता, दुखणाऱ्या खांद्याचं अर्धं वजन तोच पेलत होता. कुणीतरी फार छान केलाय, मिस्त्रींच्या मनात आलं, आणि मग कुणी ते आठवून त्यांना हसू आलं.

वर पोचल्यावर त्यांनी वळण जागेवर ठेवलं, एकदा उचललं, पटाशीने केसभर लाकूड काढलं आणि पुन्हा ठेवलं. ते असं बसलं, की सांधा कुठे आहे ते लांबूला बोटानेही सापडेना. खालून कामगारांनी टाळ्या वाजवल्या. मिस्त्रींनी हात वर करून त्यांना थांबवलं.

"सगळे कारखान्यात चला," ते म्हणाले. "आणि कुणीतरी जाऊन पोरीला बोलावून आणा."

लेक तशीच पांढऱ्या कोटात आली. काही विपरीत झालं की काय, या धास्तीने धावत आली होती. मिस्त्री मागच्या भिंतीपाशी उभे होते. त्यांच्या हातात बरणी होती, रिकामी, धुऊन पुसलेली, गळ्याला तार बांधलेली.

"माझा काप चुकला," मिस्त्री म्हणाले.

आवाज शेवटच्या टेबलापर्यंत गेला. त्यांनी हात वर नेला, खांदा दुखला म्हणून क्षणभर थांबले, आणि बरणी मधल्या खिळ्याला टांगली. कुणी एक अक्षर बोललं नाही. लांबूने खाली मान घातली, पॉलिशवाले काका उगाच फडकं झटकत राहिले. मग मिस्त्रींनी खिशातून एक नवा खिळा काढला, बरणीच्या अगदी शेजारी भिंतीवर धरला आणि मोजक्या घावांत ठोकला. हातोडी खाली ठेवून ते बाजूला झाले आणि लेकीकडे पाहिलं.

तिला क्षणभर कळलं नाही. मग कळलं. तिने कोटाच्या खिशात हात घातला. ती रिकामी पट्टी त्या दिवसापासून तिथेच होती. ती पुढे झाली आणि तिने ती आपल्या खिळ्याला अडकवली.

पाहुणा आला, की मिस्त्री अजूनही त्याला आधी मागच्या भिंतीकडे नेतात. मधल्या दोन खिळ्यांपाशी पूर्वीपेक्षा जास्तच वेळ थांबतात. "हा माझा," ते बरणीवर टिचकी मारून सांगतात. मग मिशीवरून हात फिरवतात, खांदा दुखत असला तरी. "आणि हा माझ्या लेकीचा. तिनं माझ्याआधी सांगितलं."